सीसीएनए झाले, पुढे काय?

नेटवर्किंगच्या क्लासची पाटी आता पुण्या-मुंबईपुरती राहिलेली नाही. जिल्ह्याच्या गावीही ती दिसते. पाटीवर बहुतेक वेळा दोन गोष्टी असतात : ‘सीसीएनए’ हे नाव आणि नोकरीची हमी. डिप्लोमा झालेली, बीएस्सी झालेली, कधी बी. कॉम. करून घरी बसलेली मुले त्या पाटीखालून आत जातात आणि घरचे फी भरतात. हे प्रमाणपत्र खोटे नाही, निरुपयोगीही नाही. मात्र ज्या कामासाठी ते आखले गेले ते काम आणि आज त्याच्या जोरावर मिळणारे काम यांत अंतर पडले आहे. हे अंतर कसे पडले, ते पाहू.

परीक्षा काय तपासते?

सिस्को ही राउटर आणि स्विच बनवणारी अमेरिकी कंपनी १९८४ साली स्थापन झाली. आपली यंत्रे हाताळणारी माणसे तयार व्हावीत म्हणून तिने परीक्षा सुरू केल्या. सर्वांत अवघड समजली जाणारी सीसीआयई आली १९९३ मध्ये. सुरुवातीच्या पातळीची सीसीएनए आली १९९८ मध्ये. पुढे तिला सुरक्षा, वायरलेस, व्हॉइस अशा शाखा फुटल्या. फेब्रुवारी २०२० पासून त्या गुंडाळून पुन्हा एकच परीक्षा ठेवण्यात आली. ती दोन तासांची असते, तिला पदवीची अट नाही, फी ३०० डॉलर आणि वर कर. प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षे.

अभ्यासक्रमाची वाटणी बोलकी आहे. आयपी जोडणीला २५ टक्के, नेटवर्कच्या मूलतत्त्वांना २०, स्विचिंग आणि वायरलेसला २०, सुरक्षेला १५, आयपी सेवांना १० आणि ऑटोमेशनला १०. म्हणजे पहिले ६५ टक्के गुण मध्यम आकाराच्या कार्यालयाचे नेटवर्क स्वतः उभे करू शकणाऱ्या, बिघडले तर दुरुस्त करू शकणाऱ्या माणसासाठी आहेत. परीक्षेच्या डोळ्यांसमोरचा उमेदवार तो आहे.

मिळते ते काम

प्रत्यक्षात पहिली नोकरी साधारण दोन प्रकारची असते. पहिली नेटवर्क ऑपरेशन्स सेंटरमधली, म्हणजे ‘नॉक’मधली. पडद्यावर शेकडो जोडण्यांची स्थिती दिसते. एखादी बंद पडली की तिकीट नोंदवायचे, ठरलेल्या चार-पाच तपासण्या करायच्या, टेलिकॉम कंपनीला फोन करायचा आणि वीस-पंचवीस मिनिटांत उत्तर सापडले नाही तर प्रकरण वरच्या पातळीवर द्यायचे. या नोकऱ्या का निघतात, हे साध्या हिशेबाने कळते. आठवड्याचे तास १६८, एका माणसाचे ४८. एक खुर्ची चोवीस तास भरलेली ठेवायला साडेतीन माणसे लागतात. रजा धरल्या की चार-पाच. हिंजवडीत बसून अमेरिकेचे नेटवर्क सांभाळायचे, तर तिथला दिवस ही आपली रात्र. म्हणून नवख्याच्या वाट्याला रात्रपाळी ठरलेली.

दुसरी नोकरी फील्ड इंजिनिअरची. बँकेच्या शाखेत, दुकानात, ऐरोली-महापेच्या डेटा सेंटरमध्ये जाऊन यंत्र रॅकमध्ये बसवणे, केबल ओढणे, फायबर तपासणे. दोन्ही ठिकाणी नेमणूक बऱ्याचदा तिसऱ्याच कंपनीच्या पगारपत्रकावर आणि ठरावीक मुदतीची असते.

हरवत चाललेली मधली पायरी

पूर्वी या दोहोंच्या वर एक पायरी होती. वरिष्ठाच्या शेजारी बसून नवखा राउटरवर स्वतः आज्ञा टाइप करी, चुकला तर टोकला जाई आणि वर्षभरात तयार होई. ती पायरी झिजते आहे. आता नवे यंत्र शाखेत पोचले की फक्त वीज आणि इंटरनेट जोडायचे; त्याची मांडणी मध्यवर्ती नियंत्रक आपोआप पाठवतो. शंभर शाखांत करायचा बदल एकच प्रोग्राम करतो. कार्यालयातले सर्व्हरही क्लाउडमध्ये गेले. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे परिसरात आणि अॅमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत आपापली क्लाउड केंद्रे सुरू केल्यावर ही वाट आपल्याकडेही रुंद झाली. काम संपले असे नाही, पण ते वर सरकले. खाली पडद्याकडे पाहणे उरले आणि यंत्र बसवणे उरले. या दोन कामांतून वर जाण्याइतके शिकायला मिळेलच, याची खात्री राहिली नाही.

मुलाखतीत काय विचारतात?

फुटलेल्या प्रश्नांचे संच पाठ करूनही परीक्षा पास होता येते, हे मुलाखत घेणाऱ्यांना ठाऊक असते. त्यामुळे प्रमाणपत्र असूनही पुन्हा तपासणी होते. नेहमीचा प्रश्न असा : एका संगणकाला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता मिळाला आहे, काय समजाल? पाठांतर केलेला गप्प बसतो. ज्याने हाताने काम केले आहे तो सांगतो की, संगणकाला डीएचसीपी सर्व्हरकडून पत्ता मिळाला नाही, म्हणून त्याने स्वतःच एक घेतला. मग तो केबल, स्विचचा पोर्ट, व्हीलॅन आणि शेवटी सर्व्हर अशा क्रमाने शोध घेत जातो. दुसरा प्रश्न १९२.१६८.१०.७०/२६ हा पत्ता कोणत्या नेटवर्कातला, असा असतो. उत्तर ६४ ते १२७ ची पट्टी, त्यात वापरण्याजोगे पत्ते ६२. हे कागदावर मिनिटभरात सुटायला हवे.

फी भरण्यापूर्वी

क्लासला तीन प्रश्न विचारावेत. परीक्षेची फी क्लासच्या फीत धरली आहे का? ‘हमी’ म्हणजे नेमणूकपत्र, की नुसत्या मुलाखती? मागच्या तुकडीतली मुले कोणत्या पदावर, कोणाच्या पगारपत्रकावर आहेत? नोकरीसाठी अनामत मागणारा किंवा मूळ गुणपत्रिका ठेवून घेणारा भेटला, तर तिथूनच परतावे. सरावासाठी सिस्कोचे पॅकेट ट्रेसर मोफत मिळते. महागड्या लॅबची सुरुवातीला गरज नाही.

नोकरी लागल्यावर प्रमाणपत्राची तीन वर्षांची मुदत हीच आपली मुदत समजावी. पहिल्या वर्षी पाळीवर आलेला प्रत्येक बिघाड आणि त्याचे कारण वहीत लिहावे. दुसऱ्या वर्षी लिनक्स आणि थोडे पायथन शिकावे, कारण अभ्यासक्रमातले ते शेवटचे १० टक्केच वरच्या कामाकडे नेतात. तिसऱ्या वर्षी क्लाउड, सुरक्षा किंवा सीसीएनपी यांपैकी एक वाट धरावी. तीन वर्षांनंतरही हातात फक्त तिकिटे नोंदवण्याचाच अनुभव असेल, तर त्याच खुर्चीसाठी कमी पगारावर तयार असलेला नवा उमेदवार बाहेर उभा असतो, आणि प्रमाणपत्र त्याच्याकडेही असते.