शिक्षणाची साधने – लेखांक सहावा : पवईचा ‘आकाश’ आणि पालिका शाळेतला टॅब

५ ऑक्टोबर २०११ रोजी नवी दिल्लीत तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांनी ‘आकाश’ नावाचा, सात इंची पडद्याचा टॅब विद्यार्थ्यांच्या हाती ठेवला, तेव्हा जगातील सर्वांत स्वस्त टॅब म्हणून त्याची वार्ता देशोदेशींच्या वृत्तपत्रांत झळकली; परंतु त्या उपकरणाच्या अल्प आयुष्यातील खरोखर विचारार्ह असा जो भाग, तो दिल्लीत नव्हे, तर आपल्या उपनगरांत, अंधेरीहून मुलुंडकडे जाताना वाटेत लागणाऱ्या पवईच्या तळ्याकाठी घडला. गेल्या आठवड्यात आपण उपग्रहाच्या साहाय्याने खेड्यांत पोहोचलेल्या दूरचित्रवाणीचा १९७५-७६ चा प्रयोग पाहिला. तेथे साऱ्या गावास मिळून एक पडदा होता. आजचा विषय आहे तो प्रत्येक मुलास स्वतंत्र पडदा देण्याच्या मनोरथाचा, आणि त्या मनोरथाची परीक्षा संशोधकांनी कशी घेतली याचा.

मनोरथ जुनाच आहे. १९७२ साली ॲलन के या अमेरिकन संशोधकाने वहीएवढ्या संगणकाची कल्पना एका निबंधात मांडली, त्याला ‘डायनाबुक’ असे नाव दिले, आणि तो मुलांसाठी असेल हे शीर्षकातच नमूद केले. ती कल्पना प्रत्यक्षात उतरावयास, म्हणजे ॲपल कंपनीचा आयपॅड बाजारात येण्यास, २०१० साल उजाडावे लागले. आणि त्याची किंमत सामान्य भारतीय कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची असल्याने लगोलग स्वस्त पर्यायाचा शोध सुरू झाला.

डेटाविंड कंपनीने बनविलेला पहिला ‘आकाश’ शासनास सुमारे सव्वादोन हजार रुपयांस पडे. एवढ्या रकमेत जे बसले ते बसविले गेले : ३६६ मेगाहर्ट्झ गतीचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, जेमतेम काही तास टिकणारी बॅटरी, आणि दाबाने चालणारा पडदा. ह्या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व नीट ध्यानी यावयास हवे. दाबाच्या पडद्यात दोन पातळ थर किंचित अंतराने बसविलेले असतात व बोटाच्या दाबाने ते एकमेकांस चिकटले, तरच स्पर्शाची जागा यंत्रास कळते. उलट आज आपल्या सर्वांच्या फोनवर असलेल्या काचेवर सूक्ष्म विद्युत्‌भार खेळत असतो आणि बोट नुसते टेकले तरी त्यात पडणारा फरक यंत्र टिपते. फरक तांत्रिक दिसतो, पण शिकणाऱ्याच्या दृष्टीने तो निर्णायक आहे. कारण ज्याला एकेक अक्षर दोनदोनदा दाबावे लागते त्याचे लक्ष गणितावरून उडून बोटावर जाते, आणि उपकरणाची कसूर ही आपलीच चूक आहे असे नवशिका समजतो. स्वस्ताईची ही किंमत निविदेत कोठे लिहिलेली नसते.

प्रारंभी राजस्थानच्या आयआयटीकडे असलेली ह्या प्रकल्पाची जबाबदारी पुढे पवईच्या, म्हणजे १९५८ साली स्थापन झालेल्या मुंबई आयआयटीकडे आली, आणि १९७१ पासून तेथे अध्यापन करणारे प्राध्यापक दीपक फाटक यांनी ती शिरावर घेतली. मौलाना आझादांच्या जयंतीदिनी, ११ नोव्हेंबर २०१२ रोजी, राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ‘आकाश-२’ प्रकाशित झाला. त्याचा प्रोसेसर एक गिगाहर्ट्झचा, रॅम दुप्पट, आणि पडदा स्पर्शमात्रे चालणारा होता. पण माझ्या मते पवईचे खरे कर्तृत्व ह्या सुधारणांत नाही. तेथील मंडळींनी टॅब विद्यार्थ्यांकडे पाठविण्याआधी अध्यापकांकडे पाठविला. देशभरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत जोडलेल्या दूरस्थ केंद्रांतून हजारो अध्यापकांची कार्यशाळा एकाच वेळी पवईतून घेण्यात आली; सायलॅब, पायथन व सी ह्या भाषांत टॅबवरच कार्यक्रम लिहिता यावेत अशी सोय केली गेली; आणि वर्गात शिक्षकाने प्रश्न विचारताच प्रत्येक विद्यार्थ्याचे उत्तर शिक्षकाच्या पडद्यावर उमटावे असे ‘क्लिकर’ नावाचे ॲप तयार झाले. साठ मुलांच्या वर्गात पुढच्या बाकावरची चार मुले उत्तरे देतात आणि उरलेल्यांना समजले असे गृहीत धरले जाते, हा आपल्याकडचा शिरस्ता मोडण्याचे सामर्थ्य ह्या साध्या ॲपमध्ये होते. दुर्दैवाने सार्वजनिक चर्चा अखेरपर्यंत किमतीभोवतीच फिरत राहिली. मुदतीत माल येत नाही, बॅटरी टिकत नाही, ह्या तक्रारींत ‘आकाश’चे नाव विरून गेले, आणि अध्यापक आधी, उपकरण मागाहून, हा पवईचा क्रम पुढच्या योजनांनी क्वचितच उचलला.

पवईपासून काही मैलांच्या परिसरातील दुसरे प्रकरण ह्याच दृष्टीने पाहण्याजोगे आहे. ऑगस्ट २०१५ मध्ये बृहन्मुंबई महानगरपालिकेने आपल्या शाळांतील आठवीच्या सुमारे २२ हजार विद्यार्थ्यांस टॅब देण्यास आरंभ केला. युवासेनेचे आदित्य ठाकरे यांनी पुरस्कारलेल्या ह्या योजनेचा उघड हेतू दप्तराचे ओझे हलके करण्याचा होता. त्याच वर्षीच्या जुलैत राज्य शासनाने दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक असू नये असा निर्णय जारी केला होता. पाठ्यपुस्तके व दृक्‌श्राव्य पाठ टॅबमध्ये आधीच भरून दिलेले असत, म्हणजे इंटरनेटवाचूनही अभ्यास अडू नये. हेतू निःसंशय चांगला होता, आणि पालिकेच्या शाळेतील मुलास, म्हणजे फेरीवाल्याच्या, रिक्षाचालकाच्या, घरकाम करणाऱ्या बाईच्या मुलास, खासगी शाळेतील मुलाच्या बरोबरीचे साधन मिळावे ही त्यामागची भावना मला मोलाची वाटते. परंतु हेतू वजनाचा असल्यामुळे हिशेबही वस्तूंचाच राहिला. निविदा, दर, वाटप झालेले टॅब, नादुरुस्त टॅब, यांवर सभागृहात आणि वृत्तपत्रांत भरपूर वादविवाद झाले. आठवीतील मुलीस त्रैराशिक पूर्वीपेक्षा बरे येऊ लागले काय, हा प्रश्न मात्र त्या गदारोळात मागे पडला.

ह्या शाळांची एक विशेष अडचण बाहेरच्या माणसास चटकन लक्षात येत नाही. पालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, गुजराती, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांतून चालतात. छापील पुस्तक आठ भाषांत करणे कष्टाचे असले तरी त्याची घडी बसलेली आहे. बोलता, हलता पाठ आठ भाषांत करावयाचा म्हणजे आठ वेळा आवाज, आठ वेळा चित्रांवरील मजकूर, आठ वेळा तपासणी. शिवाय टॅब घरी न्यावयाचा, तर घाटकोपरला असल्फ्याच्या टेकडीवरील एका खोलीत, जेथे एकाच बोर्डावर पंखा, फोन आणि मिक्सर यांची पाळी लागते, तेथे टॅब चार्ज करण्याची वेळ कोणती? आणि शाळेतच ठेवावयाचा, तर रोज सकाळी पन्नास टॅब चार्ज झालेले असण्याची जबाबदारी कोणाची? शिक्षकाची म्हणावे, तर त्याच्या माथी निवडणुकीच्या यादीपासून सर्वेक्षणापर्यंतची कामे आधीच आहेत. योजनेच्या मंजुरीबरोबरच ह्या प्रश्नांची तरतूद व्हावयास हवी.

आता संशोधनाकडे वळू. पेरू देशात प्रत्येक मुलास लॅपटॉप देण्याची जगातील एक विशाल योजना राबविली गेली, आणि तेथील ३१९ ग्रामीण प्राथमिक शाळांचा तुलनात्मक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. सुमारे १५ महिन्यांच्या वापरानंतर गणितात आणि भाषेत काहीही प्रगती आढळली नाही. ह्याच लॅपटॉपचा भारतातील पहिल्या प्रयोगांपैकी एक २००७ साली रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यात, खैरात येथील एकशिक्षकी शाळेत झाला, आणि मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील प्राध्यापक नागार्जुन यांच्या गटाने त्यात लक्ष घातले. शाळा एवढी लहान होती की तिच्यावरून देशाविषयी निष्कर्ष काढणे गैर ठरेल. पण उपकरण आणि अभ्यासक मुलांच्या सान्निध्यात एकत्र असावेत, हा त्यातला विचार मला पेरूतील घाऊक वाटपाहून श्रेयस्कर वाटतो.

सर्वांत बोधप्रद अभ्यास दिल्लीतला आहे, आणि त्याची रीत सविस्तर सांगण्याजोगी आहे. कार्तिक मुरलीधरन, अभिजित सिंग व अलेहांद्रो गॅनिमियन या तिघांनी सहावी ते नववीच्या ६१९ मुलांत सोडत काढली. ज्यांचे नाव निघाले त्यांना शाळा सुटल्यावर ‘माइंडस्पार्क’ ह्या संगणकीय कार्यक्रमाच्या केंद्रात विनामूल्य प्रवेश मिळाला, इतरांना मिळाला नाही. सोडतीचे प्रयोजन असे की दोन्ही गटांत हुशार, आळशी, गरीब, सुखवस्तू अशी सर्व प्रकारची मुले सारख्या प्रमाणात वाटली जातात, आणि मग साडेचार महिन्यांनी जो फरक दिसेल तो केंद्रामुळेच पडला असे म्हणता येते. फरक ठळक होता : नाव निघालेल्या मुलांची गणितातील प्रगती इतरांच्या दुपटीहून अधिक झाली. कारण काय? सहावीतले सरासरी मूल गणितात प्रत्यक्षात सुमारे अडीच इयत्ता मागे होते, आणि हा कार्यक्रम प्रत्येक मुलास ते जेथे उभे आहे तेथून शिकवीत होता. सहावीच्या मुलास भागाकार येत नसेल, तर भागाकारापासून. वर्गातील शिक्षकास हे इच्छा असूनही शक्य नसते, कारण त्याने पाठ्यक्रम संपविणे बंधनकारक असते. ह्याच अभ्यासातील दुसरा निष्कर्ष फारसा उद्धृत होत नाही, पण धोरणकर्त्यांनी तो वाचलाच पाहिजे : गणिताच्या शालेय परीक्षेतील गुणांत हा लाभ उतरला नाही. मूल तिसरीच्या पातळीवरून पाचवीच्या पातळीवर आले, तरी सातवीची प्रश्नपत्रिका त्याला अनुत्तीर्णच ठरविते. आणि ह्या केंद्रांत यंत्राबरोबर लहान गटांस शिकविणारा माणूसही रोज हजर असे, हेही विसरता कामा नये.

टांझानियातील २०१९ साली निकाल लागलेल्या ‘ग्लोबल लर्निंग एक्सप्राइझ’ स्पर्धेने टॅबचीच थेट कसोटी घेतली. जेथे शाळा जवळ नव्हती अशा १७० खेड्यांतील मुलांस स्वाहिली भाषेतील पाठांनी भरलेले टॅब देण्यात आले, आणि ‘किटकिट स्कूल’ व ‘वनबिलियन’ ह्या दोन गटांस बक्षीस विभागून मिळाले. तेथील मुलांची पाटी अक्षरशः कोरी होती, म्हणून थोड्या वाचनानेही मोठी झेप दिसली. मुलुंडच्या वा बोरिवलीच्या शाळेत, जेथे शिक्षक, पुस्तक आणि वर्ग आधीच आहेत, तेथे त्याच फळाची अपेक्षा धरणे युक्त नव्हे.

दीर्घ वाचनाच्या बाबतीत तर पुराव्याचा कल स्पष्टपणे कागदाच्या बाजूस आहे. २०१८ साली स्पेनमधील डेल्गादो आणि सहकाऱ्यांनी ५४ अभ्यासांतील १ लाख ७० हजारांहून अधिक वाचकांची माहिती एकत्र केली, तेव्हा माहितीपर मजकूर कागदावर वाचणाऱ्यांस अधिक समजतो, विशेषतः वेळेचे बंधन असल्यास, असे आढळले. आणि हा फरक २००० पासून घटण्याऐवजी वाढत गेल्याचे दिसले. म्हणून पुस्तक काढून त्या जागी टॅब ठेवण्यापेक्षा पुस्तकातच क्यूआर कोड छापण्याचा महाराष्ट्राचा मार्ग मला अधिक शहाणपणाचा वाटतो. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी तो प्रथम चोखाळला, बालभारतीच्या पुस्तकांनी स्वीकारला, आणि २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. कविता कागदावर वाचावी, तिचे गायन पडद्यावर ऐकावे. हृदयाची आकृती वहीत काढावी, त्याचे स्पंदन पडद्यावर पाहावे.

शाळेबाहेर टॅबने आपले स्थान फारशा वादाविना मिळविले. २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जात जनगणनेत भारत इलेक्ट्रॉनिक्सने घडविलेले टॅब घेऊन प्रगणक घरोघर गेले. लांब पल्ल्याच्या गाडीतील तिकीट तपासनीसाच्या हातातील कागदी तक्त्याची जागाही त्याने घेतली. पण मला अधिक आस्था वाटते ती ज्येष्ठांच्या वापराची. बोरिवली-मुलुंडच्या कितीतरी घरांत आजीआजोबा येथे आणि नातवंडे न्यू जर्सीत वा सिडनीत अशी स्थिती आहे, आणि फोनच्या इवल्या अक्षरांनी त्रासलेले डोळे टॅबवर सुखावतात. टेक्सास विद्यापीठातील मिकेला चॅन, डेनिस पार्क आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात साठीपुढील व्यक्तींस १० आठवडे, दर आठवड्यास सुमारे १५ तास, टॅब वापरावयास शिकविले, तेव्हा त्यांच्या घटनास्मृतीत आणि विचारांच्या गतीत सुधारणा आढळली. गट लहान होता. तरीही एक गोष्ट नोंदण्यासारखी आहे. लाभ झाला तो टॅब नुसता जवळ असल्याने नव्हे, तर नवे काही शिकण्याच्या त्या सातत्याने. उपनगरांतील ज्येष्ठ नागरिक संघांनी आरोग्य शिबिराइतक्याच नियमाने असे वर्ग भरवावेत, असे मनापासून वाटते.

शेवटी पालिकेस एक सूचना करावीशी वाटते, आणि ती खर्चाची नाही. कोणतीही नवी टॅब योजना सर्व शाळांत एकाच महिन्यात पोहोचत नसते; माल टप्प्याटप्प्याने येतो आणि वाटपही तसेच होते. मग पहिला टप्पा कोणाचा हे सोडतीने ठरवावे : के-पूर्वमधील अंधेरीच्या, आर-मध्यमधील बोरिवलीच्या, एन विभागातील घाटकोपरच्या आणि टी विभागातील मुलुंडच्या शाळांची नावे एकत्र लिहावीत, निम्म्यांस यंदा टॅब द्यावेत, निम्म्यांस पुढील वर्षी. दोन्ही गटांतील मुलांची वाचनाची आणि गणिताची छोटी चाचणी जूनमध्ये व पुन्हा मार्चमध्ये घ्यावी; ती मुलाच्या इयत्तेची नव्हे, तर दुसरीपासून आठवीपर्यंतच्या पायऱ्यांची असावी, म्हणजे मूल कोणत्या पायरीवरून कोठवर चढले ते दिसेल. कोणावरही अन्याय होत नाही, कारण टॅब अखेरीस सर्वांस मिळतो. चाचण्या शिक्षकांनीच न घेता अध्यापक महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांकडून घ्याव्यात, आणि दोन्ही वेळचे निकाल शाळांची नावे वगळून, विभागवार व माध्यमवार, पालिकेने प्रसिद्ध करावेत. तमिळ माध्यमातील मुलास त्याच्या भाषेतील पाठ मिळाले की नाही, हेही त्याच तक्त्यात एका रकान्यात नोंदले जाईल.