‘आम्हाला तर कुणी विचारलंच नाही!’ : परदेशातली भाड्याची गाडी आणि काही हट्टी गैरसमज

परदेशात गाडी भाड्याने घेऊन फिरायचं ठरलं की सल्ल्यांचा पाऊस पडतो, आणि त्यात एक वाक्य हमखास असतं : ‘इंटरनॅशनल लायसन्स? काही गरज नाही हो. आपलं लायसन्स इंग्रजीत असतं. आम्ही दहा दिवस फिरलो, कुणी विचारलंसुद्धा नाही.’ सांगणारा खोटं बोलत नसतो. त्याला खरोखरच कुणी विचारलेलं नसतं. पण सिंहगड रोडवरून हेल्मेट न घालता घरी सुखरूप पोचलो, म्हणून हेल्मेटचा कायदा रद्द होत नाही.

हा सल्ला इतक्या आत्मविश्वासाने दिला जातो, की ऐकणारा त्याच भरवशावर तिकिटं काढून मोकळा होतो. म्हणून जरा खोलात जायला हवं.

गाडी भाड्याने घेताना तुमच्या कागदपत्रांशी तीन वेगवेगळ्या पक्षांचा संबंध येतो. पहिला त्या देशाचा कायदा, दुसरी गाडी देणारी कंपनी, तिसरी विमा कंपनी. विमानतळावरच्या काउंटरवर किल्ली देणारा माणूस यांतल्या फक्त दुसऱ्या पक्षाचा प्रतिनिधी. त्याला तुमचं नाव, फोटो, परवान्याची मुदत वाचता आली आणि कार्डावर डिपॉझिट अडकवता आलं, की त्याचं काम झालं. तुमचा परवाना त्या देशात कायदेशीर आहे की नाही, हे ठरवणं त्याच्या हातात नाही आणि बहुतेक कंपन्यांच्या करारात ती जबाबदारी सरळ तुमच्या गळ्यात घातलेली असते. करार आपण वाचत नाही, हा भाग वेगळा. खरा प्रश्न पडतो तो अपघात झाल्यावर. पोलिस पंचनामा करतात, विमा कंपनी कागद मागते, आणि मग ‘काउंटरवर कुणी विचारलं नव्हतं’ या वाक्याची किंमत शून्य असते. वैध परवान्याशिवाय गाडी चालवत होता असं ठरलं, तर गाडीचा विमा जातो आणि तुमच्या प्रवास विम्याचा दावाही बहुधा अडकतो.

आता ‘आपलं लायसन्स इंग्रजीत आहे’ या मुद्द्याकडे येऊ. तो काही देशांपुरता खरा आहे. ब्रिटनमध्ये पर्यटक भारतीय परवान्यावर १२ महिन्यांपर्यंत गाडी चालवू शकतो. न्यूझीलंडमध्ये इंग्रजी परवाना चालतो. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत नियम राज्यागणिक बदलतात, पण इंग्रजी परवान्यावर पर्यटकाचं सहसा भागतं. या देशांत फिरून आलेली माणसं तोच नियम इटलीला लावतात. इटलीत युरोपीय संघाबाहेरच्या परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना, म्हणजे आयडीपी, किंवा अधिकृत भाषांतर असणं कायद्याने बंधनकारक आहे. जर्मनीचंही साधारण तसंच. इटालियन हवालदाराला तुमचं इंग्रजी लायसन्स वाचता येतं का, हा मुद्दाच नाही. त्याच्या कायद्यात काय लिहिलंय हा मुद्दा आहे.

शिवाय परवाना इंग्रजीत असला तरी त्यावरची संक्षेपांची भाषा आपलीच असते. ‘एलएमव्ही’ किंवा ‘एमसीडब्ल्यूजी’ म्हणजे काय, हे आपल्याला आरटीओच्या चकरा मारून पाठ झालेलं असतं. टस्कनीतल्या पोलिसाला त्याचा काय बोध होणार? आयडीपीवर हेच वर्ग ठरलेल्या अक्षरांत येतात : ए म्हणजे मोटारसायकल, बी म्हणजे साधी मोटार, म्हणजे चालक सोडून जास्तीत जास्त आठ आसनं आणि ३५०० किलोपर्यंत वजन. तुमच्या मूळ परवान्यावर दुचाकी नसेल, तर आयडीपीवर ‘ए’चा शिक्का येत नाही. बालीत किंवा फुकेतला स्कूटर घेणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

याच्या अगदी उलट टोकाचा गैरसमजही तितकाच पक्का आहे : एकदा आयडीपी काढलं की जगात कुठेही गाडी चालवा. नाही. आयडीपी हा स्वतंत्र परवाना नव्हे, तुमच्या मूळ परवान्याला जोडायची ती प्रमाणित पुस्तिका आहे. मूळ परवाना घरी कपाटात ठेवून नुसती पुस्तिका नेली, तर तिचा काडीचा उपयोग नाही. आणि ती कुठे चालते, हे ठरतं आंतरराष्ट्रीय करारांवरून. रस्ते वाहतुकीचे दोन मोठे करार सध्या महत्त्वाचे आहेत : १९४९ चा जिनिव्हा करार आणि १९६८ चा व्हिएन्ना करार. भारत १९४९ च्या करारात आहे, आणि आपली पुस्तिका त्याच करारानुसार निघते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २६ ऑगस्ट २०२२ च्या अधिसूचनेने तिचा नमुना देशभर एकसारखा केला. त्याआधी राज्याराज्यांत आकार, रंग, मांडणी वेगळी असे आणि परदेशात त्यावरून अडचणी येत. आता तिच्यावर क्यूआर कोडही असतो.

या कराराच्या वर्षामुळे मोठ्या गमती होतात. जपान फक्त १९४९ च्या नमुन्याची पुस्तिका मानतं. म्हणजे भारतीय आयडीपी होक्काइदोत चालतं, आणि १९६८ च्या नमुन्याची पुस्तिका घेऊन आलेल्या युरोपीय पर्यटकाची तिथे पंचाईत होते. पण जपानमध्ये ‘लायसन्स इंग्रजीत आहे’ हा युक्तिवाद अजिबात खपत नाही. भारतीय परवान्यावर पुस्तिकेशिवाय गाडी चालवणं म्हणजे तिथे विनापरवाना चालवणं, आणि त्याची कमाल शिक्षा ३ वर्षं कैद किंवा ५ लाख येन दंड आहे. व्हिएतनाममध्ये बरोबर उलटा प्रकार. तो देश १९६८ चा करार मानतो, त्यामुळे आपली पुस्तिका तिथे ग्राह्य नाही. तरी तिथल्या ‘हा जियांग’च्या घाटांत भाड्याच्या मोटारसायकलवर हिंडणारे आपले लोक ‘आयडीपी आहे ना’ म्हणून निर्धास्त असतात. चीनच्या मुख्य भूमीत तर कुठलंच आयडीपी चालत नाही, स्थानिक परवाना लागतो. आणि श्रीलंका, जी आपल्याला घरच्यासारखी वाटते, तिथे आयडीपीवर स्थानिक यंत्रणेची वेगळी मान्यता घ्यावी लागते.

मग ‘आमचा मुलगा म्युनिकला असतो, तोच चालवेल’ हा उपाय. हा तर पुण्या-नाशिकच्या कितीतरी घरांतला बेत आहे. मुलगा तिथे राहायला गेल्यापासून सहा महिन्यांनी त्याचा भारतीय परवाना जर्मनीत वैध राहत नाही. आयडीपीची मुदत शिल्लक असली तरी नाही. परीक्षेशिवाय परवाना बदलून देण्याच्या देशांच्या यादीत भारत नसल्याने त्याला लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. त्याने अजून दिल्या नसतील, तर भेटीला गेलेले, आयडीपी घेतलेले बाबाच त्या गाडीत कायद्याने एकमेव चालक. हे ऐकून बाबांना आनंद होतो आणि आईला धसका बसतो.

आयडीपी काढणं अवघड आहे, हा आणखी एक समज. परिवहनच्या सारथी पोर्टलवर अर्ज, फॉर्म ४-अ, पासपोर्ट, परवाना, १००० रुपये शुल्क, आणि आपल्या पत्त्याच्या हद्दीतलं आरटीओ. २०२१ च्या दुरुस्तीनंतर अर्जासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र आणि आधीच मिळालेला व्हिसा या अटीही गेल्या. मुदत एक वर्ष. त्यामुळे कुठल्याशा संकेतस्थळावर ‘तीन वर्षांचं, १५० देशांत चालणारं, घरपोच’ कार्ड दिसलं, तर एवढ्यावरूनच ओळखा : १९४९ च्या करारातलं आयडीपी एका वर्षाहून जास्त मुदतीचं असूच शकत नाही, आणि ते तुम्हाला तुमचं सरकार किंवा सरकारने अधिकार दिलेली संस्थाच देऊ शकते. बाकी सगळी रंगीत प्लास्टिकची कार्डं. आणि हो, डिजिलॉकरमधलं लायसन्स आपल्याकडे वाहतूक पोलिसांना चालतं. फ्रान्सच्या पोलिसाला मोबाइलचा पडदा दाखवण्यात अर्थ नाही.

परवान्यावरचा राग इथे आवरता घेतो. पण ‘फुल इन्शुरन्स घेतलाय’ याबद्दलही दोन शब्द बोलायला हवेत, कारण खिसा इथेच कापला जातो. भाड्यात सहसा येतं ते गाडीच्या नुकसानीपासूनचं मर्यादित संरक्षण : ठरावीक रकमेपर्यंतचा खर्च तुमचा, त्यापुढचा कंपनीचा. ही तुमच्या वाट्याची रक्कम युरोपात बऱ्याचदा हजार युरोच्या वर असते, आणि तेवढीच रक्कम क्रेडिट कार्डावर अडवून ठेवली जाते. जास्त पैसे भरून ती शून्यावर आणली, तरी टायर, काच, गाडीचा तळ आणि छत बऱ्याच पॅकेजांतून वगळलेलं असतं. आइसलंडमध्ये याची खरी परीक्षा होते. तिथे खडीच्या रस्त्यावर उडालेल्या दगडांसाठी वेगळा विमा, वाळू आणि राखेसाठी वेगळा. वाऱ्याने दार उलटं फिरून बिजागऱ्या तुटल्या तर तो खर्च सहसा तुमचाच. ‘एफ’ अक्षराने सुरू होणाऱ्या डोंगरी रस्त्यांवर फोर-व्हील गाडीलाच परवानगी, आणि वाटेतली नदी ओलांडताना इंजिनात पाणी गेलं तर विमा सहसा मदतीला येत नाही, गाडी कितीही भक्कम असो. करारात ज्याचं नाव चालक म्हणून लिहिलं नाही, त्याने गाडी हातात घेतली तरी सगळा विमा निकाली निघतो. तेव्हा ‘दमलास का, दे, जरा मी घेतो’ म्हणणाऱ्या मेव्हण्याचं नाव काउंटरवरच घाला. त्याचे जास्तीचे पैसे लागतात. लागू द्या.

कार्डावरून आठवलं. डेबिट कार्ड किंवा फॉरेक्स कार्ड चालतं हा समज काउंटरवरच उतरतो. बहुतेक ठिकाणी मुख्य चालकाच्या स्वतःच्या नावाचं क्रेडिट कार्ड लागतं. बायकोचं कार्ड आणि नवऱ्याचं लायसन्स हे गणित जुळत नाही.

‘दंड कोण वसूल करणार, आपण तर भारतात परत आलेलो असू.’ फ्लॉरेन्स, पिसा, रोम अशा शहरांच्या जुन्या भागात ठरावीक वेळी बाहेरच्या गाड्यांना बंदी असते आणि कमानीवर कॅमेरा असतो. गाडी आत शिरली की दंड, आणि जितक्या वेळा शिराल तितके दंड. परदेशात राहणाऱ्याला नोटीस पाठवायला इटलीच्या कायद्यात ३६० दिवस आहेत. त्याआधी गाडीची कंपनी तुमचं नाव-पत्ता पोलिसांना कळवते आणि त्या कामाचे वेगळे पैसे तुमच्या कार्डावरून परस्पर कापून घेते. दंड त्यानंतर येतो, वेगळा. गुगलचा नकाशा आत घेऊन गेला, हे कारण ऐकून घ्यायला तिथे कुणी बसलेलं नाही.

सीमा ओलांडली की काही बदलत नाही, असंही नाही. स्वित्झर्लंडच्या महामार्गांवर वार्षिक टोलचा परवाना लागतो, ४० फ्रँकचा. जर्मनीत घेतलेल्या गाडीवर तो सहसा नसतो, आणि नसताना सापडलात तर २०० फ्रँक दंड, वर तो परवाना घ्यावा लागतोच. एका देशात गाडी घेऊन दुसऱ्या देशात सोडली, तर त्याचं शुल्क कधी कधी भाड्यापेक्षा जास्त निघतं.

जर्मनीच्या ऑटोबानवर वेगमर्यादा नसते, हेही अर्धंच खरं. बऱ्याच पट्ट्यांवर असते, आणि नसते तिथेही १३० ची शिफारस असते. ऑटोमॅटिक गाडी आपोआप मिळते, हा समज अमेरिकेपुरता ठीक. युरोपात बुकिंग करताना स्पष्ट निवडली नाही, तर उजव्या हाताने गिअर टाकायची तयारी ठेवा. सात आसनी गाडीत सात माणसं बसतात, पण तिसरी रांग उघडली की मागे दोन हँडबॅगांपुरतीच जागा उरते. ‘ॲडजस्ट करू’ म्हणून पाच जणांच्या गाडीत सहावा बसला, तर थेट दंड. नातवाला मांडीवर घेणंही नाही : युरोपीय संघात १५० सेंटीमीटरपेक्षा (काही देशांत १३५) कमी उंचीच्या मुलाला त्याच्या मापाची आसनव्यवस्था लागते. ती बुकिंगच्या वेळीच मागून ठेवा, काउंटरवर संपलेली असते.

आणि पंपावरच्या हिरव्या हँडलवर विश्वास ठेवू नका. ब्रिटनमध्ये हिरवं म्हणजे पेट्रोल, अमेरिकेत हिरवं बहुतेकदा डिझेल. टाकीच्या झाकणाच्या आत काय लिहिलंय ते वाचून मगच भरा. चुकीचं इंधन भरल्यावर इंधनाची टाकी रिकामी करण्याचा खर्च विम्यात सहसा येत नाही. शंका आली तर गाडी सुरू न करता कंपनीला फोन करा. इंजिन सुरू केलं, की बिल कितीतरी पटींनी वाढतं.