संगणक बदलला तरी हिशेब चुकू नये

बागेचा, गोठ्याचा किंवा गटाचा जमाखर्च एक्सेलच्या तक्त्यात ठेवणारे शेतकरी आता गावोगाव भेटतात. घरचा संगणक बहुधा विंडोजचा असतो. शहरात नोकरी करणारी मुलगी सुट्टीत मॅक घेऊन येते, तीच फाईल त्यावर उघडली जाते आणि सरावलेली बोटे अडखळतात. नुसता वेळ गेला तर हरकत नाही. पण रक्कम चुकली तर मजुराचे पैसे कमीजास्त होतात.

विंडोजवर कंट्रोल कळीने होणारी बरीच कामे मॅकवर कमांड कळीने होतात. ही कळ स्पेसबारला लागून असते. नक्कल घेण्यासाठी कमांड व सी, चिकटवण्यासाठी कमांड व व्ही, साठवण्यासाठी कमांड व एस या कळा एकदम दाबाव्यात. मॅकवरील अलीकडच्या एक्सेलला यासाठी कंट्रोलही चालते, पण इतर प्रोग्रॅममध्ये चालेलच असे नाही. म्हणून कमांडचीच सवय लावावी.

मात्र हा नियम सरसकट लावू नये. आजची तारीख घालण्यासाठी विंडोजवर कंट्रोल व अर्धविराम (;) दाबतात; मॅकच्या एक्सेलमध्येही कंट्रोलच दाबावे. तेथे कमांड व अर्धविराम दाबल्यास तारखेऐवजी घड्याळातील वेळ उमटते. फवारणीच्या नोंदीत तारीखच नसेल, तर काढणीपूर्वी किती दिवस गेले हे कशावरून मोजणार?

खरा घोटाळा होतो तो वरच्या रांगेतील एफ कळांचा. सेलमधील मजकूर दुरुस्त करण्यासाठी विंडोजवर एफ २ दाबतात. मॅकवर नुसती तीच कळ दाबली तर पडद्याचा उजेड वाढतो! तेथे कंट्रोल व यू वापरावे.

एफ ४ चे प्रकरण अधिक नाजूक आहे. समजा, बी १ या सेलमध्ये मजुरीचा दर ४०० रुपये आणि बी २ मध्ये ट्रॅक्टरचा ताशी दर ९०० रुपये लिहिला आहे. सी ५ पासून खाली प्रत्येकाचे दिवस आहेत. पहिल्या मजुरासाठी सी ५ गुणिले बी १ असे सूत्र लिहून ते खाली ओढले, की दुसऱ्याच्या ओळीत बी १ चे बी २ होते. म्हणजे त्याचे दिवस ट्रॅक्टरच्या दराने गुणले जातात, आणि बी ३ रिकामा असल्याने तिसऱ्याच्या वाट्याला शून्य येते. दर जागेवर बांधून ठेवण्यासाठी विंडोजवर एफ ४ दाबतात. मग बी आणि १ या दोहोंच्या आधी $ चिन्ह लागते. मॅकवर त्यासाठी सूत्रात बी १ वर असताना कमांड व टी दाबावे. प्रात्यक्षिक प्लॉटच्या मजुरीच्या तक्त्यात ही चूक माझ्याकडूनही झाली आहे. बेरीज नेहमीपेक्षा फुगलेली दिसली म्हणून ध्यानात आले, एवढेच.

कळ आठवत नसेल तर शिफ्ट व ४ दाबून $ हातानेच टंकावे. विंडोज असो, मॅक असो, ते चालते. विंडोजच्या पुष्कळ लॅपटॉपवरही एफ ४ सोबत एफएन कळ धरावी लागते, हे ध्यानात ठेवावे. सूत्र खाली ओढून झाल्यावर शेवटच्या ओळीतील सेलवर जाऊन, तेथेही बी १ च आहे ना, हे पाहावे आणि मगच मजुरी वाटावी.