संत वसईचा, वाद दोन खंडांत

आमचं जळकोट सांगताना मागे एक शेपूट जोडावंच लागतं : तुळजापूर तालुक्यातलं, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचं. नाहीतर ऐकणारा थेट लातूर जिल्ह्यात जाऊन पोचतो. तिकडचं जळकोट तालुक्याचं ठिकाण, त्यामुळे तोरा त्याचा. नाव एकच असलं की मान कुणाकडे जातो, हे जळकोटकराला शिकवावं लागत नाही. म्हणूनच वसईच्या संत गोन्सालो गार्सियांबद्दल वाचताना जरा जास्तच आपुलकी वाटली.

वसई आम्हाला तशी परकी नाही. जानेवारी २०२० मध्ये आमच्याच उस्मानाबादला ९३ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा अध्यक्षपदी वसईचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. त्या खुर्चीत बसलेले पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. आणि साहित्यनगरीला नाव आमच्या तेरच्या गोरोबाकाकांचं. गोरोबाकाका तेरचे की आणखी कुठले, असा वाद कुणी घालत नाही. गोन्सालोंच्या नशिबी मात्र तेवढंच आलं.

माणूस मुळात भन्नाट. जन्म वसईचा, १५५६-५७ च्या सुमारास. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. वसईतल्या जेझुइट पाद्र्यांकडे शिक्षण, आणि मिसरूडही नीट फुटलं नव्हतं त्या वयात त्यांच्याबरोबर जहाजातून जपान! तिथे जपानी भाषा अशी आत्मसात केली की लोक ऐकतच राहत. इच्छा एकच, जेझुइट व्हायचं. ते काही झालं नाही. मग पठ्ठ्याने व्यापार केला, व्यापारात जमही बसवला, तरी मन रमेना. शेवटी मनिलाला फ्रान्सिस्कन संघाने त्यांना ब्रदर म्हणून घेतलं. फादर नव्हे, ब्रदर. हा फरक वसईत जपून सांगतात. जपानचा सर्वेसर्वा तोयोतोमी हिदेयोशी याच्याकडे फादर पेद्रो बाउतिस्ता वकिलीला गेले, तेव्हा दुभाषी हेच.

पुढे हिदेयोशीची मर्जी फिरली. गोन्सालोंसह पकडलेल्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापला आणि ऐन हिवाळ्यात क्योतोहून नागासाकीपर्यंत त्यांची धिंड काढली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर २६ जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी भोसकलं. त्यांत सगळ्यांत लहान होता १२ वर्षांचा लुई इबाराकी. १६२७ मध्ये या हुतात्म्यांना 'धन्य' ठरवलं गेलं आणि ८ जून १८६२ ला पोप नववे पायस यांनी संतपद दिलं. मरणापासून संतपदापर्यंत २६५ वर्षं. आपल्याकडच्या दिवाणी दाव्यालासुद्धा इतका वेळ लागत नाही. (लागतो म्हणणाऱ्यांनी तारखा दाखवाव्यात.)

पहिला कोण?

१२ ऑक्टोबर २००८ ला केरळच्या सिस्टर अल्फोन्सा संत झाल्या. 'भारताच्या पहिल्या संत' असे मथळे झळकले आणि वसईकरांच्या कपाळाला आठी पडली. अल्फोन्सा पहिल्या भारतीय *महिला* संत, यात वाद नाही. पण आमचे गोन्सालो १४६ वर्षं आधीच झालेत, त्यांचं काय? यावर ठरलेलं उत्तर येतं : वडील पोर्तुगीज होते ना! शिवाय ते एकटे संत झाले नाहीत, २६ जणांच्या घोळक्यात झाले. रोमच्या पंचांगात ६ फेब्रुवारीच्या सणाचं नावच 'पॉल मिकी आणि सोबती' असं आहे. वसईचा माणूस 'सोबतीं'मध्ये.

आता गंमत बघा. त्याच २६ जणांत एक फेलिपे दे जेसुस होते. जन्म मेक्सिको सिटीचा, आईवडील दोघंही स्पॅनिश. मेक्सिकोने एक प्रश्न विचारला नाही. ते आमचे पहिले संत, आमच्या राजधानीचे पालक संत, विषय संपला! इथे आई वसईची, जन्म वसईचा, शिक्षण वसईचं, तरी दाखला मागितला जातो. मला विचाराल तर कौल सरळ आहे : ज्या मातीत जन्मला, तिचा तो.

ब्राझीलमधली जुंपाजुंपी

खरी मेजवानी पुढे आहे. साल १७४५, गाव ब्राझीलमधलं रेसिफे. तिथले 'पार्दो', म्हणजे गोऱ्या बापाची आणि काळ्या किंवा तिथल्या मूळ वंशाच्या आईची लेकरं, गोऱ्यांकडून हिणवली जायची. त्यांनी शोधून शोधून कुठला संत आपला मानला? वसईचे गोन्सालो! वडील पोर्तुगीज, आई सावळी हिंदुस्थानी, म्हणजे आमच्याच रंगाचे. झालं, वादाला तोंड फुटलं. असल्या रंगाचा माणूस वेदीवर बसेलच कसा, आणि आशियातला माणूस पार्दो ठरतो तरी कसा? तेव्हा जाबोआतांव या फ्रान्सिस्कन पाद्र्याने लांबलचक प्रवचन देऊन गोन्सालोंच्या आईची वंशावळ, वसईचा भूगोल आणि माणसाच्या कातडीचा रंग हे सगळं मांडलं आणि निकाल दिला : होय, संत तुमच्याच रंगाचे. ते प्रवचन १७५१ मध्ये लिस्बनला छापूनही आलं. पार्दोंनी मूर्तीची थाटात मिरवणूक काढली. रोमच्या लेखी तेव्हा ते नुसते 'धन्य' होते. संतपदाला अजून ११७ वर्षं अवकाश होता.

म्हणजे आपल्याकडे ज्या कारणाने त्यांना अर्धं परकं ठरवतात, नेमक्या त्याच कारणाने रेसिफेने त्यांना डोक्यावर घेतलं! आणि या सगळ्याच्या सहा वर्षं आधी, १७३९ मध्ये, चिमाजी अप्पांनी वसई पोर्तुगीजांकडून जिंकलीही होती.

ब्राझीलमध्ये रिओ दी जानेरोजवळ 'सांव गोन्सालो' नावाचं मोठं शहर आहे. ते बघून वसईकराची छाती फुगेल, पण थांबा. ते पोर्तुगालच्या अमारांतेचे गोन्सालो, लग्न जुळवणारे म्हणून प्रसिद्ध. आपले गार्सिया वेगळे. जळकोटकराला हे दुःख तोंडपाठ आहे.

गोव्याचंही थोडं असंच आहे. 'गोंयचो सायब' म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियर, स्पेनमधल्या नवाराचे. घरचे संत जोसेफ वाझ, बाणावलीत जन्मलेले. पण त्यांना संतपद मिळालं ते १४ जानेवारी २०१५ ला, कोलंबोत. त्यांचं काम श्रीलंकेत, म्हणून मानही तिकडेच.

वसईला गेलात तर गासचं गोन्सालो गार्सिया चर्च बघाच, पण त्याआधी किल्ल्यात डोकवा. तिथल्या पडक्या अवशेषांत जेझुइटांचं एक जुनं चर्च उभं आहे. ज्या संघात गोन्सालोंना जागा मिळाली नाही, त्याचंच हे चर्च. लोक आज त्याला गोन्सालो गार्सियांच्या नावाने ओळखतात.