फॉर्म ओळखायचा कसा?
एका वेब पानावर दोन फॉर्म आहेत: वर शोधाचा, खाली लॉगिनचा. आपली स्क्रिप्ट एचटीएमएल वाचते आहे, तिला लॉगिनचा हवा. ‘दुसरा फॉर्म घे’ असं सांगितलं तर? उद्या मध्ये तिसरा आला की पासवर्ड भलतीकडेच जाईल. क्रम हे काही लक्षण नव्हे. नैयायिक म्हणतात, लक्षण म्हणजे असाधारण धर्म. ‘इनपुट असलेला’ म्हटलं तर अतिव्याप्ती. शोधाचाही त्यात येतो. ‘लॉगिन असा आयडी असलेला’ म्हटलं तर अव्याप्ती. पुष्कळ फॉर्मना आयडी नसतोच. म्हणून आपण आत पाहू: पासवर्ड प्रकारचं इनपुट आहे का? पण ते नोंदणीच्या फॉर्मातही असतं. तेव्हा अॅक्शनमधला पत्ताही तपासू. तरी दोन सापडले, किंवा एकही नाही, तर स्क्रिप्टने अंदाज बांधू नये, थांबावं.