दुखणे कमरेत, कळ पायात
कमरेत दोष असताना वेदना पायात का होते, याचे उत्तर वैद्यकीय शिक्षणाच्या पहिल्याच वर्षी विच्छेदनाच्या टेबलावर मिळते. धड आणि पाय यांचा अभ्यास स्वतंत्र प्रकरणांत होत असला, तरी ती दोन्ही प्रकरणे 'सायटिक' हा शरीरातील सर्वांत जाड मज्जातंतू जोडतो. कमरेच्या भागातील चौथ्या-पाचव्या आणि त्रिकास्थीच्या पहिल्या तीन मज्जामुळांपासून तो तयार होतो. नितंबाच्या मोठ्या स्नायूखालून तो मांडीच्या मागे उतरतो आणि साधारणतः गुडघ्याच्या वर दुभंगतो. मणक्यांमधील गादी सरकून मुळावर दाब आला, की कळ पावलापर्यंत जाते, ती यामुळेच.

नितंबाचे चार भाग कल्पून इंजेक्शन वरच्या, बाहेरील भागात द्यावे, हा नियमही याच मार्गावरून ठरला. सुई चुकली तर पाऊल लुळे पडू शकते. चित्रांतून हा मार्ग पाठ होतो. मात्र प्रत्येक देहात तो तंतोतंत तसाच नसतो, हे प्रत्यक्ष विच्छेदनातच उमगते. त्यासाठी १९४९च्या कायद्याने महाराष्ट्रात बेवारस मृतदेह महाविद्यालयांना देण्याची तरतूद केली. स्वेच्छेच्या देहदानाची त्याला जोड मिळाली. ही इच्छा नातेवाइकांना आधीच सांगून ठेवणे मात्र आवश्यक. कारण अखेर देह सोपवायचा असतो तो त्यांनीच.