बेस गिटारचा रंग खरवडण्यापूर्वी

१९६८ साली जॉन लेनन आणि जॉर्ज हॅरिसन यांनी आपापल्या एपिफोन कसिनो गिटारींचा रंग काढून टाकला. त्यानंतर गिटार अधिक मोकळी वाजते, असं हॅरिसन यांचं मत होतं. पॉल मॅकार्टनी यांच्या रिकनबॅकर ४००१एस या बेस गिटारचंही साठचं दशक संपता संपता तेच झालं. मूळची तांबूस ‘फायरग्लो’ रंगातली ही गिटार १९६७ मध्ये भडक रंगांनी चितारली गेली होती. तो रंग उतरला आणि खालचं मेपल उघडं पडलं. पुढे ती पुन्हा घासली गेली, तेव्हा बॉडीची टोकदार शिंगंही बोथट झाली. सत्तरच्या दशकात तर लाकडी रंगाची फॅशनच आली आणि कितीतरी चांगल्या गिटारी सोलल्या गेल्या. आजही बेस वाजवणाऱ्यांना हा मोह होतो आणि त्यामागे बहुतेक वेळा आवाज सुधारण्याची आशा असते.

ही आशा भौतिकशास्त्राच्या कसोटीवर फारशी टिकत नाही. कसिनो आतून पोकळ असते, तिचा पातळ पृष्ठभाग स्वतः थरथरतो. मिरजेच्या तानपुऱ्यात तबली आणि भोपळा जे काम करतात, तेच काम काही अंशी तिथे होतं. अशा पातळ फळीवर रंगाचा जाड थर बसला तर फरक पडू शकतो. बेस गिटारची बॉडी मात्र सहसा सुमारे ४४ मिलिमीटर जाडीची भरीव असते. अकूस्टिक गिटारची वरची फळी जेमतेम ३ मिलिमीटरची. फळीचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे लाकूड तेच धरलं, तर भरीव बॉडी त्या फळीपेक्षा सुमारे ३००० पट ताठ. तिच्यावर अर्धा मिलिमीटर रंग असला काय, नसला काय!

शिवाय पिकअपला हवेतला आवाज ऐकूच येत नाही. चुंबकाभोवती तांब्याच्या तारेची गुंडाळी असते. पोलादी तार तिच्यावर हलली की चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि गुंडाळीत वीज निर्माण होते. सगळ्यात जाड ई तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते आणि पिकअप ती हालचालच टिपतो. बॉडीचा प्रभाव पडतो तो आडवळणानं, तारेची ऊर्जा ती किती शोषते एवढ्यापुरता. वजनाचाही हिशेब करून पाहू. बॉडीचा सगळा पृष्ठभाग ढोबळमानानं ३००० चौरस सेंटिमीटर धरला, तर अर्धा मिलिमीटर जाडीच्या पॉलिएस्टरचं वजन १८० ग्रॅमच्या आसपास भरतं. पातळ नायट्रोसेल्युलोज लॅकरचं त्याच्या पाव हिश्शाइतकं. सुमारे चार किलोच्या वाद्यात एवढ्यानं खांद्याचा भारही फारसा हलका होत नाही.

लाकूड खरोखर बोलतं ते नेकमध्ये. नेक लांब आणि सडपातळ, त्यामुळे तिला स्वतःची नैसर्गिक कंपनं असतात. वाजवलेला स्वर त्यांच्याशी जुळला की तारेची ऊर्जा नेक ओढून घेते आणि तो स्वर लवकर विझतो. फेंडर धाटणीच्या बेसवर जी तारेच्या पाचव्या ते सातव्या फ्रेटदरम्यान, म्हणजे साधारण १३१ ते १४७ हर्ट्झच्या टप्प्यात, हा मृत स्वर हमखास सापडतो. बॉडीचा रंग काढून त्यावर काहीच उपाय होत नाही.

मग उरतो तो दिसण्याचा प्रश्न आणि तो मला अजिबात क्षुल्लक वाटत नाही. रोज हातात घ्यायचं वाद्य डोळ्यांना आवडायलाच हवं. पण रंगाखाली आहे काय? अपारदर्शक रंग द्यायचा असेल, तर कारखाने रेषा न जुळणारे चार-पाच तुकडे चिकटवून बॉडी करतात, खड्डे लांबीनं बुजवतात. स्वस्त गिटारीत तर प्लायवुडही निघतं. फेंडरची प्रिसिजन बेस १९५१ मध्ये ठळक रेषांच्या अॅश लाकडात आली. १९५६ च्या सुमारास कंपनी बहुतांश रंगांसाठी साध्या रेषांच्या आल्डरकडे वळली, लाकूड दिसणाऱ्या फिकट ब्लॉन्ड रंगासाठी अॅश राहिलं. सनबर्स्टचं आल्डर खरवडलं तर लाकडात मुरलेला पिवळा रंग सहजी जात नाही.

हे आधीच कळू शकतं. नेकचे चार स्क्रू काढून खोबणीत टॉर्च मारा. तिथे रंग बहुधा पातळ असतो किंवा नसतोच. पिकगार्ड उचलून पिकअपच्या खाचेतही पाहा. जोडाच्या रेषा किती, त्या मधोमध आहेत की वेड्यावाकड्या, कडेला प्लायवुडचे आडवे थर दिसतात का, ते पाच मिनिटांत समजतं.

रंग निघणार कसा, हे त्याच्या रसायनावर ठरतं. नायट्रोसेल्युलोज लॅकर केवळ द्रावक उडून वाळतो, म्हणून चाळीस वर्षांनीही थिनरनं विरघळतो. ड्यूपाँटनं १९२३ मध्ये ‘ड्यूको’ या नावानं तो मोटारींसाठी आणला आणि पुढे फेंडरनं खास रंग मोटारींच्याच रंगांतून घेतले. साठच्या दशकाच्या शेवटी फेंडरकडे आलेल्या पॉलिएस्टरचे रेणू मात्र एकमेकांत कायमचे गुंफलेले असतात. त्याला थिनर लागू पडत नाही. हीट गननं मऊ करून पापुद्रे उचलावे लागतात आणि गन क्षणभर जास्त रेंगाळली तरी लाकूड करपतं. डायक्लोरोमिथेनचे रिमूव्हर नकोतच. त्यांची वाफ जिवावर बेतल्यामुळे अमेरिकेत २०१९ मध्ये घरगुती ग्राहकांना त्यांची विक्री बंद करण्यात आली. घासताना चांगला मास्कही हवाच, कारण लाकडाची धूळ कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्येच जाहीर केलं आहे.

उघडं लाकूड तसंच ठेवता येत नाही. मुंबई-कोकणातला पावसाळा त्याला फुगवणारच. अनेक जण जवसाचं किंवा टंग तेल चोळतात. ते सुंदर दिसतं, पण अमेरिकेतल्या मॅडिसन इथल्या फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीच्या चाचण्यांत जवसाच्या तेलानं बाष्प फारच कमी अडवलं, शेलॅक आणि पॉलियुरेथेननं बरंच जास्त. आपल्या हवेत मी शेलॅकचे हात देऊन वर पातळ पॉलियुरेथेन पसंत करेन. शेलॅक म्हणजे आपल्याच पळस-कुसुमावरच्या किड्यांची लाख, सुतारांच्या फ्रेंच पॉलिशमधली.

माझा निर्णय असा. जुनी, मूळ रंगातली गिटार असेल तर तिला हात लावू नका, कितीही टवके उडालेले असोत. रंग काढलेल्या जुन्या फेंडरची किंमत साधारण निम्म्यावर येते आणि गेलेला मूळ रंग परत आणता येत नाही. नवी, मध्यम किमतीची असेल आणि खोबणीत चांगलं अॅश किंवा महोगनी दिसलं, तर खुशाल खरवडा. आणि तेलच लावणार असाल, तर तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना ऑक्सिजन शोषून उष्णता सोडतं आणि बोळ्यात ती साठून फडकं आपोआप पेट घेतं. फडकी उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.